नवसाला दिलेली जीभ

"वॉटर," बाबा म्हणाले.

आईने तांब्या पुढे सरकवला.

"राईस."

आईने भात वाढला.

"फिश."

आईने बांगड्याचा एक तुकडा वाढला आणि दुसरा पळीत घेतला. बाबांना 'पुरे' म्हणायचं होतं. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"इनफ," मी सांगितलं.

"इनफ," बाबा आईला म्हणाले. तोवर दुसरा तुकडा ताटात पडला होता.

सोलकढीला इंग्रजीत काय म्हणतात ते मलाही येत नव्हतं. त्यामुळे आमच्या घरात तेव्हा सोलकढी कुणी मागितलीच नाही. आई करायची, वाट्या भरून ठेवायची आणि आम्ही मुकाट्याने प्यायचो. चांगली झाली तर बाबा वाटीकडे बघून "गुड" म्हणायचे. वाटीला. आईला नव्हे.

हसा, खुशाल हसा. मी आता एसटी स्टँडसमोर झेरॉक्सचं दुकान चालवते. तिथे येणाऱ्या शिकल्यासवरल्या आया चार वर्षांच्या पोराला "बेटा, डोन्ट टच, डर्टी आहे" म्हणतात, तेव्हा मीही हसते. पण आमच्या घरात जे चाललं होतं, ते देवासमोर बोललेल्या नवसाने चाललं होतं. तेव्हा हसायची कुणाची छाती नव्हती.

बाबा वायरमन होते. एकदा मुंबईहून मोठा साहेब आला आणि सबस्टेशनवर सगळ्यांसमोर त्याने बाबांना इंग्रजीत काहीतरी विचारलं. बाबांना ओ की ठो कळलं नाही. पण साहेबाला परत विचारायचं कसं? म्हणून त्यांनी मान हलवली. नंतर कळलं, साहेबाने विचारलं होतं, ड्युटीवर दारू पिऊन येतोस ना? बाबा आयुष्यात दारूला शिवले नव्हते. सहा महिने सस्पेंड होऊन घरी बसले.

त्याच सुमाराला तालुक्याला इंग्रजी शाळा निघाली. बाबांनी माझा दाखला मराठी शाळेतून काढला आणि मला तिकडे घातलं. पालकांच्या पहिल्या सभेला टाय लावलेले प्रिन्सिपॉल उभे राहिले आणि म्हणाले, "मुलांच्या कानावर घरीसुद्धा इंग्रजीशिवाय दुसरा शब्द पडता कामा नये. नाहीतर आमच्या मेहनतीची माती होईल." हे त्यांनी स्वच्छ मराठीत सांगितलं. इंग्रजीत सांगितलं असतं, तर समोरच्या एकाही बापाला कळलं नसतं.

बाकीच्या बापांनी ऐकलं आणि सोडून दिलं. माझा बाप सभेतून उठला तो नारळ घेऊन थेट रवळनाथाच्या देवळात गेला.

आमच्या आंबेखोलला देवाशी बोलायचं तर गाऱ्हाणं घालावं लागतं. दर सोमवारी संध्याकाळी ज्याचं जे मागणं असेल ते घाडी, म्हणजे देवळाचा मानकरी, देवासमोर खड्या आवाजात मांडतो, मालवणीत. तो श्वास घ्यायला थांबला की जमलेली माणसं एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणतात. ते 'व्हय' आलं नाही, तर गाऱ्हाणं देवापर्यंत पोचत नाही, असं मानतात. भिकाजी घाडी तेव्हा साठीचा होता आणि त्याचा आवाज नदीपलीकडे जायचा.

"बा देवा रवळनाथा! ह्यो तुझो लेकरू शांताराम धुरी आज तुझ्या पायरेर इलो हा. त्येच्या चेडवाक इंग्रजी येवांदे, ती मोठी सायबीण होवांदे..."

"व्हय म्हाराजा!"

"त्येच्या बदल्यात, चेडू धावी पास होयसर, घरात पोरांच्या कानार इंग्रजीबिगर सबूद पडाचो नाय, असो सबूद त्येणा तुका दिल्यान हा. तो मानून घे आणि पोरांची राखण कर!"

"व्हय म्हाराजा!"

ते चेडू म्हणजे मी, तेव्हा दुसरीत होते. दहावीला आठ वर्षं होती. आणि माझा भाऊ हेमू तेव्हा भिंतीला धरून उभा राहायला शिकत होता.

आईला कुणी विचारलंच नव्हतं. बाबा घरी आले, प्रसादाचा नारळ देव्हाऱ्यात ठेवला आणि तिला सांगून टाकलं.

आता माझी आई कोण, तर सत्यवती धुरी, अख्ख्या वाडीतली सगळ्यात बोलकी बाई. ती नदीवर धुणं घेऊन आली की बाकीच्या बायका हातातलं धुणं थांबवून ऐकत बसायच्या. नकला करायची, भांडायची, ओव्या जोडायची, मेलेल्या माणसांच्या गोष्टी अशा सांगायची की ती आत्ता उठून चहा मागतील असं वाटावं. ती नवस मानायला तयार नव्हती. तिसऱ्या दिवशी माझ्यावर नेहमीसारखी ओरडली, "गो वैजू, झाडू खय टाकलंस?" आणि त्याच संध्याकाळी मी विहिरीच्या पायरीवरून घसरून पडले. हात मोडला.

झालं. आई माझ्या प्लास्टरकडे बघत बसली. त्या दिवसापासून तिने आम्हा दोघांसमोर तोंड उघडलं नाही.

"कम", "गो", "ईट", "स्लीप" असे काही शब्द बाबांनी तिला शिकवले होते. तेही ती म्हणायची नाही. हाताने खुणा करायची. आमचं घर वाडीपासून लांब, टेकाडावर. आसपास दुसरं घर नाही, आणि नदीवर धुणं न्यायचंही तिने सोडलं. दिवसभर हेमू आणि आई, आई आणि हेमू, आणि चिडीचूप. मी शाळेतून आले की त्याच्यापुढे बसून म्हणायचे, "व्हॉट इज युवर नेम? माय नेम इज हेमंत." तो माझ्या ओठांकडे बघायचा. कधी बोट लावून बघायचा. मग उठून मातीत खेळायला जायचा.

एकदा शाळा लवकर सुटली. घरी आले तर हेमू पडवीत झोपलेला आणि आई कुठेच नाही. गोठ्यातून आवाज आला. मी कुडाच्या फटीतून पाहिलं. आई म्हशीच्या मानेवर हात टाकून उभी होती.

"चंद्रे, आज चेडवाची येणी घातलंय. केस बघ कसे दाट झालेत तिचे. माझ्या आवशीवर, तिच्या आजयेवर गेलेत. तां सांगूचा होता तिका. कोणाक सांगू? तुका सांगतंय." म्हैस रवंथ करत होती. "आणि झिलान, हेमून, काय केल्यान, म्हायत हा? माझ्याकडे बोट केल्यान. बोलाक काय नाय. नुसता बोट. भूक लागली की माझ्याकडे बोट, तहान लागली की माझ्याकडे बोट. सांग मगे चंद्रे, मी कोण त्येची? मडको?"

मी तिथून पाऊल न वाजवता मागे फिरले. रस्त्यापर्यंत गेले आणि जोरजोरात पाय आपटत परत आले. आई गोठ्यातून बाहेर आली. माझ्या केसांवरून हात फिरवला आणि चुलीकडे गेली.

हेमूला तिसरं सरत आलं तरी त्याला एक शब्द येत नव्हता. 'आये' नाही, 'बाबा' नाही, 'वॉटर' पण नाही. बाबा आधी म्हणायचे, मुलगे उशिराच बोलतात. मग म्हणेनासे झाले. एका सोमवारी त्यांनी रजा काढली आणि आम्हा सगळ्यांना घेऊन जिल्ह्याच्या गावी कानाच्या डॉक्टरणीकडे गेले.

डॉक्टरणीने हेमूच्या कानात नळी घालून पाहिलं. पाठीमागून चुटकी वाजवली, घंटी वाजवली. हेमू दर वेळी गर्रकन वळला.

"कान उत्तम आहेत," ती म्हणाली. "जीभही मोकळी आहे." आणि आईकडे वळली. "घरी काय काय आवाज काढतो हा? काही बडबड करतो का?"

आईने हेमूकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोघं समोर होतो. तिने मान हलवली, नाही.

"एखादा शब्द? मम्, दुदू?"

नाही.

"अहो, बोला ना. घाबरू नका."

आई बाबांकडे बघत राहिली. डॉक्टरणीने पेन खाली ठेवलं. तिचा आवाज एकदम मऊ झाला. तिने बाबांना विचारलं, "या बोलत नाहीत का? मुक्या आहेत?"

मला वाटलं आता बाबा बोलतील. नवसाचं सांगतील, शाळेचं सांगतील, निदान नाही म्हणतील. पण भिंतीवर इंग्रजी सर्टिफिकिटं लावलेली होती, टेबलावर जाड इंग्रजी पुस्तकं होती, आणि त्यांच्यासमोर 'मी माझ्या बायकोचं बोलणं बंद केलंय' हे त्यांना सांगवेना.

बाबांनी मान हलवली. हो.

"अच्छा," डॉक्टरणी म्हणाली. "मग आजार काही नाही. मूल ऐकून शिकतं. याने ऐकायचं कुणाचं? घरात कुणीतरी याच्याशी दिवसभर बोललं पाहिजे. उठता बसता, जेवू घालताना, अगदी रागवायलासुद्धा. तुमची जी घरची भाषा असेल ती. आता वेळ घालवू नका, आधीच उशीर झालाय. नात्यात कुणी बोलकी बाई नाही का? तिला आणून ठेवा."

बोलकी बाई! मी आईकडे पाहिलं. तिचा चेहरा काळाठिक्कर पडला होता. तिने हेमूला काखोटीला मारलं आणि चालायला लागली.

एसटीत ती खिडकीशी बसली. बाबा शेजारी बसले. एकदा हळूच म्हणाले, "सत्या, माका तसा म्हणूचा नव्हता." बाबांनी आमच्यासमोर, दोन वर्षांत पहिल्यांदाच, मालवणी शब्द काढला होता. आई खिडकीबाहेरच बघत राहिली.

गावात उतरलो तेव्हा दिवेलागणीची वेळ झाली होती. घराची वाट डावीकडे, देवळाची उजवीकडे. आई उजवीकडे वळली.

देवळात गाऱ्हाणी चालू होती. वीसपंचवीस पुरुष मंडपात, बायका बाहेर ओट्यावर. आई ओट्यापाशी थांबली नाही. हेमूला घेऊन ती थेट मंडपात, घाडीसमोर जाऊन उभी राहिली. मी तिच्या पदराला धरून मागे. बाबा खांबापाशीच थबकले.

घाडी गडबडला. "गो बाये, काय झाला? झील आजारी हा?"

"शांताराम धुऱ्याचो नवस सोडवूचो हा," आई म्हणाली.

तिचा आवाज घोगरा झाला होता. पण तो आवाज ऐकून ओट्यावरच्या बायका उठून उभ्या राहिल्या.

घाडीने बाबांकडे पाहिलं. "नवस ज्येचो, त्येणा सांगूक व्हया. काय रे शांताराम? घालू गाऱ्हाणा?"

बाबा खाली बघत होते. दिलेला शब्द परत घ्यायचा, तोही देवाचा, तोही सगळ्या गावासमोर.

"तो बोलणा नाय तर मी काय करू?" घाडी म्हणाला. "जा बाये, घराक जा. फुडल्या सोमवारी दोघांनी ठरवन येवा."

"फुडल्या सोमवारी कित्याक? मी घालतंय गाऱ्हाणा."

"बायल माणसान?" कुणीतरी मागून हसलं. "उद्या पूजा पण करशीत."

"करीन," आई मागे न बघता म्हणाली. "तू भांडी घासूक येशीत तर करीन."

ओट्यावर खसखस पिकली. घाडीने हात वर केला. "सत्यवती, असा कधी झाला नाय हय."

"घाडीनू, माझो झील मुको जातलो. असा पण कधी झाला नव्हता."

घाडीने हेमूकडे पाहिलं. मग काय वाटलं कुणास ठाऊक, तो देवासमोरून एक पाऊल बाजूला सरकला. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. फक्त जागा दिली.

आईने हेमूला खाली उभं केलं आणि हात जोडले.

"बा देवा रवळनाथा! मी धुऱ्यांची सून सत्यवती. माझ्या घोवान तुका सबूद दिल्यान. माका इचारूक नाय. जीभ माझी, आणि टाकल्यान तुझ्या पायार!"

ती थांबली. इथे 'व्हय म्हाराजा' यायला हवं होतं. मंडपातले सगळे पुरुष छताकडे, समईकडे, आपापल्या पायांकडे बघायला लागले. एकानेही तोंड उघडलं नाही. आई जोडलेले हात खाली न घेता वाट बघत उभी होती. ते मी मागून पाहत होते.

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं.

आवाज चिरका निघाला. कुणी हसलं नाही. आईने मानही वळवली नाही, पण तिचा श्वास मला ऐकू आला.

"तू देव. तुका सगळ्यो भाषा येतत. माका एकच येता. ती माझ्या आवशीन माका दिल्यान, मी ह्या चेडवाक दिलंय. ह्या झिलाक दिवची रवली. त्येचा ता देणा हा, ता देवान सुदीक अडवूचा नाय!"

"व्हय म्हाराजा!" या वेळी आवाज ओट्यावरून आला. नदीवरच्या सगळ्या बायका.

"चेडू इंग्रजी शिकांदे. मडमेच्या वर शिकांदे, माका बरांच वाटतला. पण आवशीक मुकी करून चेडू शिकणा नाय रे देवा. मुकी आवस बघून ता शरमेन मरता. आज डाक्टरणीन माका मुकी म्हटल्यान. आणि ज्येका म्हायत हा, त्येणा मान हलवल्यान!"

घाडीचा जड आवाज आला, "व्हय म्हाराजा."

"सबूद मी मोडलंय. हय, पोरांच्या समोर, तुझ्या समोर. काय करूचा ता माका कर. पोरांका हात लावशीत तर तुझ्या दारात येवन रोज भांडान. नारळ घे, कोंबो घे, काय व्हया ता घे. नवस सोड!"

आता सगळेच म्हणाले. हसणाराही म्हणाला. देवळाचा मंडप घुमला. मग आवाज विरला आणि सगळ्यांच्या माना खांबाकडे वळल्या, कारण ज्याचा नवस, त्याचं अजून आलं नव्हतं.

बाबा तसेच उभे होते. मान खाली. मला वाटलं, आता परत मान हलवतील आणि भागवतील.

त्यांनी मान वर केली.

"व्हय म्हाराजा," बाबा म्हणाले. एकटेच. सगळ्यांना ऐकू जाईल असं.

आई त्या दिवशी देवळाच्या पायरीवर जी बोलायला लागली, ती टेकाड चढेपर्यंत बोलत होती. डॉक्टरणीवर बोलली, शाळेवर बोलली, बाबांवर सगळ्यात जास्त बोलली, वाटेतल्या दगडावर बोलली. बाबा कंदील धरून पुढे चालत होते आणि मधेमधे "व्हय, व्हय" म्हणत होते. हेमू तिच्या खांद्यावरून तिच्या तोंडाकडे असा बघत होता, जणू तिथून आता पाखरं उडणार आहेत.

देवाने काही केलं नाही. कुणाचा हात मोडला नाही, कुणाला ताप आला नाही. पण हेमूही बोलला नाही. एक महिना गेला, दुसरा गेला. आई बोलत होती. त्याला न्हाऊ घालताना, तांदूळ पाखडताना, चुलीशी, विहिरीवर. मी शाळेत इंग्रजी शिकत होते आणि घरी येऊन त्याला तेच धडे मालवणीत सांगत होते. शाळा मी सोडली नाही. आज मला इंग्रजी बऱ्यापैकी येतं. कुणी माझ्या गिऱ्हाइकाला इंग्रजीत दटावलं, तर त्याच इंग्रजीत त्याला उभा जाळते.

रात्री बाबा निजलेल्या हेमूजवळ बसून राहायचे. विचारायचे, "उशीर झालो काय गो?" आई म्हणायची, "गप निजा." पण तीही जागी असायची.

आमचा कोंबडा तेव्हा फार माजला होता. सगळ्या कोंबड्या वेळेवर खुराड्यात शिरायच्या, हा मात्र काळोख पडल्यावर डुलत डुलत यायचा. आई रोज हातात सूप घेऊन त्याची वाट बघायची आणि आला की बरसायची, "मेल्या, खय उलथलंस इतको येळ?" हेमू तिच्या शेजारी बसून ऐकायचा.

एके दिवशी बाबांना यायला असाच उशीर झाला. वारं सुटलं होतं, कुठेतरी तार तुटली होती. काळोख पडल्यावर ते आले. कपडे चिखलाने भरलेले, हातात पक्कड, खांद्यावर दोराची वेटोळी. खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, हेमू एकटाच बसला होता. बाबा जवळ आले तसा तो उठला, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाला,

"मेल्या, खय उलथलंस इतको येळ?"

आई आतून धावत आली. "अरे, बापूस तो! बापाशीक असा म्हणतत?" आणि तिथेच तोंडावर हात दाबून उभी राहिली.

बाबांनी पक्कड खाली ठेवली. दोर उतरवला. हेमूच्या समोर उकिडवे बसले. विचारलेल्याचं उत्तर त्यांनी नीट दिलं.

"पोलार होतंय रे. तार तुटलेली."

"कित्याक?" हेमूने विचारलं.

"माडाची झावळ पडली तिच्यार."

"कित्याक?"

बाबांनी आईकडे पाहिलं. आई हसत होती आणि पदराने डोळे पुसत होती. बाबा जरा विचारात पडले.

"आता तां मात्र माडाक इचारूक व्हया," ते म्हणाले.

हेमू वळला. खळ्याच्या कडेला आमचा माड होता, तिथवर तुरुतुरु चालत गेला. मान वर केली आणि माडाला विचारायला लागला.